मंडई, शेवाळ आणि आपली शाळा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवल्यामुळे मी शेवाळावरच बोलणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण ‘मंडई विद्यापीठा’च्या आवारात वाढलेल्या आपल्याला कुठलाच विषय वर्ज्य नाही!

मंडईजवळ किराणा दुकानात चायना ग्रास मिळतं. नावात गवत असलं तरी तो समुद्रातल्या लाल शैवालातून काढलेला अगार असतो. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू जिलेटिनवर वाढवत; उष्णतेने ते वितळे. १८८१ मध्ये तिथल्या एका संशोधकाच्या पत्नीने, फॅनी हेस्से यांनी, स्वयंपाकघरातला अगार सुचवला. आजही पॅथॉलॉजीत जंतू त्याच्यावरच वाढवतात.

आपण सगळ्यालाच ‘शेवाळ’ म्हणतो. पण मंडईतल्या गाळ्यांसारखे हे नुसते शेजारी, घराणी वेगवेगळी. हिरवी शैवालं झाडांच्या भावकीतली. निळी-हिरवी म्हणजे चक्क जीवाणू. युग्लिना उजेडात स्वतःचं अन्न करते, अंधारात बाहेरून घेते. आणि डायटम, मराठीत ‘करंडक वनस्पती’, झाकण असलेल्या सिलिकाच्या डबीत राहतात. प्रकाशसंश्लेषणातून जगात जेवढं अन्न तयार होतं, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या डोळ्यांना न दिसणाऱ्या डब्यांचा!

आपल्या मुठेची तब्येतही हेच जीव सांगतात. सांडपाण्यातून नायट्रोजन, फॉस्फरस आला की नाजूक जाती हटतात, घाण सोसणाऱ्या माजतात. दाट शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तोच वापरतं. मेल्यावर कुजतानाही तो संपवतं. मग पहाटे मासे मरून तरंगतात. आपल्या पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत डायटमांचा अभ्यास चालतो. म्हणजे शंका विचारायला लांब जायला नको.

आता मुद्द्याचं. मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचं, यावर कालपासून खल चाललाय. कुणी कमान म्हणतं, कुणी संगमरवरी पाटी. माझं मत दोन चांगल्या सूक्ष्मदर्शकांना. दर महिन्याला मुलांनी बाईंबरोबर नदीवर जावं, दगडावरचा बुळबुळीत थर ब्रशने खरवडून आणावा, जे दिसेल त्याचं चित्र तारीख घालून वहीत काढावं. दहा वर्षांनी ती वही म्हणजे मुठेचं प्रगतिपुस्तक असेल. त्यावर पालक म्हणून सही आपल्यालाच करायची आहे.