ज्युनिअर म्हणजे किती लहान?

(वसंत व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, समोर बसलेल्यांत पन्नाशीच्या आतले फारसे दिसत नाहीत आणि मला विषय मिळालाय तारुण्याचा! त्यातही तारुण्य सांगणाऱ्या एका लॅटिन शब्दाचा. शब्द आहे ‘युवेनिस’. तो कानावर पडताच आपल्याला संस्कृतातला ‘युवन्’ आठवतो, आणि ते बरोबरच आहे. दोघांचं कूळ एक. फारसीतून आपल्याकडे आलेला ‘जवान’ही त्यांचाच भाऊबंद.

लॅटिनच्या लेकींनी हा शब्द चांगला सांभाळला. फ्रेंचमध्ये ‘झनेस’, स्पॅनिशमध्ये ‘हुवेन्तुद’, इटालियनमध्ये ‘जोव्हेन्तू’. तुरिनच्या शाळकरी पोरांनी १८९७ साली फुटबॉल क्लब काढला तेव्हा थेट लॅटिनकडे जाऊन नाव घेतलं, ‘युव्हेन्तुस’, म्हणजे तारुण्य. त्या क्लबला आज इटलीत लाडानं ‘म्हातारी बाई’ म्हणतात.

हा शब्द आपल्या दारातही येऊन गेलाय. साष्टी १७३९पर्यंत जवळपास दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे होती. बोरिवलीच्या मंडपेश्वरला फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा मठ होता, अंधेरीला आजच्या सीप्झच्या आवारात त्यांच्या काळातल्या चर्चचे अवशेष उभे आहेत. त्यांच्या बोलण्यात ‘जोवेम’ म्हणजे तरुण. आपण त्यांच्याकडून पाव घेतला, बटाटा घेतला, चावी घेतली, पगार घेतला. हा शब्द तेवढा घेतला नाही. घ्यायची गरजच नव्हती. घरात तरुण होता, तरणा होता, जवान होता.

शेवटी तो शिरला इंग्रजीचा हात धरून. ‘ज्युनिअर’ हे ‘युवेनिस’चंच तुलनेचं रूप: ‘अधिक तरुण’. दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली आणि अकरावी-बारावीला ज्युनिअर कॉलेज हे नाव पडलं. मुलुंड काय, घाटकोपर काय, जूनमध्ये घरोघरी प्रवेशयाद्यांचीच चर्चा. (या ‘जून’चं नावही तरुणांवरून पडलं, असा एक दावा रोमन कवी ओव्हिडनं नोंदवलाय. आणि आपल्याकडे भेंडी जून निघाली की भाजीवाल्याशी भांडण! मराठीतला हा ‘जून’ अर्थात वेगळा, जीर्णाच्या घरातला.)

आता कॉलेजच्या फाटकावरची मराठी पाटी वाचा: ‘कनिष्ठ महाविद्यालय’. भाषांतर कोणी केलं ठाऊक नाही, पण ते अचूक आहे, आणि कदाचित करणाऱ्यालाही वाटलं असेल त्याहून अधिक अचूक. पाणिनी सांगतो की तुलना करताना ‘युवन्’ आणि ‘अल्प’ या दोन्ही शब्दांच्या जागी विकल्पानं ‘कन्’ येतो. म्हणजे ‘कनिष्ठ’ हा सर्वांत तरुणही आणि सर्वांत थोडाही. करंगळीला कनिष्ठिका म्हणतात ती त्यातूनच. ‘यविष्ठ’ असंही रूप आहे, त्यात तारुण्याशिवाय काही मिसळलेलं नाही. ऋग्वेदात ते अग्नीचं विशेषण, कारण तो रोज नव्यानं पेटतो. पण व्यवहारात टिकला कनिष्ठ.

मला यातून दिसतं ते असं. तरुण एकटा उभा असतो तोवर शब्दाला तेज असतं. ‘जवान’ म्हटलं की आपण ताठ होतो, ‘युवा’ म्हटलं की पक्षांचे झेंडे हलतात. त्याला कोणाच्या शेजारी उभा करून मोजला, की वय मागे पडतं आणि पायरी उरते. ज्युनिअर वकील पिशव्या उचलतो, ज्युनिअर क्लार्क फायली. आणि गोरेगावच्या फिल्मसिटीत गर्दीच्या दृश्यात उभा राहणारा माणूस साठीचा असला, केस पांढरे असले, तरी ‘ज्युनिअर आर्टिस्ट’च! तरुणपणाचा एकही फायदा पदरात न पडता नाव तेवढं चिकटलेलं.

रोमनांचं गणित निराळं होतं. त्यांच्यातल्या व्हॅरो या पंडितानं आयुष्याचे पंधरा-पंधरा वर्षांचे टप्पे पाडले, त्यात ‘युवेनिस’ तीस ते पंचेचाळीस. आपल्या २०१४च्या राष्ट्रीय युवा धोरणात तरुण १५ ते २९ वयाचा. म्हणजे आपल्याकडचा तरुण संपतो तिथे व्हॅरोचा सुरू होतो. पंचेचाळिशीनंतर व्हॅरोकडे ‘सेनिओर’, तेच आपलं सीनिअर. एसटीत अर्ध्या तिकिटासाठी पुरुषांना मात्र पासष्टीपर्यंत थांबावं लागतं.

आणि ‘ज्येष्ठ’? तिथेही पाणिनीनं जोडी लावलीय: ‘वृद्ध’ आणि ‘प्रशस्य’, म्हणजे वाखाणण्याजोगा. तुलनेत दोघांच्याही जागी ‘ज्य’ येतो, दोघांचाही ‘ज्येष्ठ’ होतो. तरुणाची जोडी अल्पाशी, वृद्धाची प्रशंसेशी. हा वाटा कोणत्या वयाच्या मंडळींनी पाडला असेल, याबद्दल माझा संशय आहे. समोरच्या पहिल्या तीन रांगांची हरकत नसेल, तर तो मी बोलून दाखवत नाही.