तुरुंगानेही न थांबलेले शिक्षण



आपल्या खोपटहून मुंबईची चौपाटी काही फार दूर नाही. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस तेथील एका इमारतीतून ४२.३४ मीटरवर एका बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा आवाज उमटला. गुप्तपणे चालणाऱ्या ‘काँग्रेस रेडिओ’च्या त्या उषा मेहता. कार्यक्रमाची सुरुवात इक्बालांच्या ‘हिंदोस्ताँ हमारा’ने होई.

वृत्तपत्रांचे तोंड सरकारने बांधले होते. अशा वेळी बलियाच्या आणि आपल्या विदर्भातील आष्टी-चिमूरच्या दडपशाहीच्या बातम्या या केंद्राने देशाला ऐकविल्या. पोलीस मागावर असल्यामुळे जागा वारंवार बदलावी लागे. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रक्षेपण चालू असतानाच त्या पकडल्या गेल्या. कित्येक महिने चौकशी झाली, पण त्यांनी तोंड उघडले नाही. चार वर्षांची शिक्षा झाली.

पालकहो, उषाताईंचे वडील इंग्रज सरकारचे न्यायाधीश होते. मुलीने चळवळीत पडू नये, असे त्यांनाही आरंभी वाटे. ही काळजी आपणा सर्वांच्या ओळखीची आहे. १९४६ मध्ये उषाताई सुटल्या त्या खालावलेल्या प्रकृतीनिशी. तरीही त्यांनी पुन्हा पुस्तके हाती घेतली, गांधीविचारांवर डॉक्टरेट मिळविली आणि अनेक वर्षे मुंबईत राज्यशास्त्र शिकविले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

दहावीनंतर मुलीला पुढे शिकवावे की नाही, हा प्रश्न आपल्या घरात उठेल, तेव्हा एवढेच आठवा: तुरुंगाच्या दाराने जे शिक्षण थांबले नाही, ते आपल्या उंबरठ्याने का थांबावे?