दुखणे अंगावर काढू नका



गंगाखेड-पालमकडून ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या भगिनी योनीमार्गाची खाज, जळजळ, पांढरे जाणे मुकाट्याने सोसतात. हा लाजेचा विषय नव्हे. डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. शेकडा ९२ जणींना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम शेकडा ८!

योनी आतून स्वतःच स्वच्छ राहते. आत साबण वा औषधी पाणी घालू नये. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवावा, पाळीचे कापड धुऊन उन्हात वाळवावे. थोडा पांढरा स्राव स्वाभाविकच असतो. परंतु दुर्गंधी, खाज, दह्यासारखा स्राव, किंवा पाळी थांबल्यानंतर रक्त दिसल्यास तपासून घ्यावे. पांढरे जाते म्हणून गर्भपिशवी काढणे हा उपाय नव्हे.

मात्र जिच्या कोपीपाशी पाणीच नाही, तिला स्वच्छतेचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. म्हणून फडावर पाणी व संडास आणि आरोग्य केंद्रात स्त्री-डॉक्टर, ही मागणी मजुरीच्या मागणीइतक्याच निर्धाराने आपण लढवली पाहिजे.