बाकावरचा सहावा खेळाडू



उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरच्या शाळा-महाविद्यालयांतल्या क्रीडाशिक्षकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिले आहे. मैदानांची टंचाई, क्रीडाशिक्षकांची रिक्त पदे, साहित्याचा निधी हे विषय आपल्या ठरावांत आले आहेत आणि त्यांचा पाठपुरावा आपण करणारच आहोत. माझ्या वाट्याचा वेळ मात्र मी फक्त पाच मिनिटांच्या विषयाला देणार आहे. बास्केटबॉलची चाळीस मिनिटे संपतात, गुणफलकावर बरोबरी असते, दोन मिनिटांची विश्रांती मिळते आणि मग जादा वेळेची जी पाच मिनिटे सुरू होतात, ती ही पाच मिनिटे. थकलेल्या मुलाला मैदानात ठेवायचे की बाकावरच्या मुलाला उठवायचे, हा निर्णय तेव्हा घ्यावा लागतो. आपल्यापैकी बहुतेकजण तो घेतच नाहीत, आणि त्याचेच मला वाईट वाटते.

चित्र तुमच्या ओळखीचे आहे. ऑक्टोबरची दुपार, तापलेले सिमेंटचे मैदान, आंतरशालेय सामना. सुरुवातीला उतरवलेले पाचजण शेवटपर्यंत तेच. चौथ्या क्वार्टरच्या शेवटी एखादा मुलगा चेंडू बाहेर गेला की वाकतो आणि चड्डीची कड दोन्ही मुठींत धरून उभा राहतो. फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो, कारण हात जागच्या जागी असले तरी गुडघ्यातून जोर येत नाही. बचावात त्याचे हात खाली येतात, कंबर सरळ होते, प्रतिस्पर्धी बाजूने निघून जातो आणि हा पायाऐवजी हात पुढे करतो. शिट्टी वाजते. आपण बाहेरून ओरडतो, ‘लक्ष कुठे आहे तुझे?’ त्याचे लक्ष अगदी जागेवर असते. पाय संपलेले असतात.

त्या फाऊलची किंमत आपण मुलांना नीट समजावत नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार जादा वेळ ही चौथ्या क्वार्टरचाच पुढचा भाग मानली जाते. संघाचे फाऊल पुसले जात नाहीत, वैयक्तिक फाऊलही तसेच पुढे चालतात. चौथ्या क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले असतील, तर जादा वेळेतला बचावाचा पहिलाच फाऊल समोरच्याला दोन फ्री थ्रो देतो. ज्या मुलाच्या नावावर आधीच चार आहेत, तो पाचव्याला कायमचा बाहेर. म्हणजे दमलेला मुलगा नुसता हळू पळतो एवढेच नसते, तो प्रतिस्पर्ध्याला घड्याळ थांबवून फुकट गुण देत असतो. बरोबरीच्या सामन्यात दोन गुण म्हणजे निकाल.

आता तुमच्या हातात काय असते ते पाहा. एक टाइम-आऊट, बस्स. आधीचे न वापरलेले टाइम-आऊट जादा वेळेत चालत नाहीत. बदल मात्र कितीही करता येतात आणि बाहेर आलेला खेळाडू पुन्हा आत जाऊ शकतो. फुटबॉलच्या सवयीने आपण बदल म्हणजे जणू निरोप समजतो. बास्केटबॉलमध्ये चेंडू मृत होऊन घड्याळ थांबले की बदल होतो, आणि शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाल्यावरही घड्याळ थांबते. तेव्हा ज्याच्यावर बास्केट झाली त्या संघाला बदल मागता येतो. बदलीची मागणी मार्गदर्शकाने बाहेरून ओरडून करायची नसते, बदली खेळाडूने स्वतः गुणलेखकाच्या टेबलाशी जाऊन करायची असते. एवढा साधा नियम कित्येक राखीव मुलांना ठाऊक नसतो. त्यांना तो कळण्याची वेळच आपण आणलेली नसते.

मग बाहेर कोणाला काढायचे? इथे माझे मत काहींना पटणार नाही. थकवा दिसला की आपली नजर गुण करणाऱ्या मुलावर जाते आणि ‘त्याला कसे काढू?’ या प्रश्नाशीच आपण अडतो. माझे म्हणणे आहे, आधी त्या मुलाकडे पाहा ज्याने चाळीस मिनिटे समोरच्या संघाच्या सर्वांत तेज खेळाडूला अडवले आहे. टाळ्या त्याला मिळत नाहीत आणि सर्वांत जास्त पळणेही त्याचेच झालेले असते. जादा वेळेच्या पहिल्या दोन मिनिटांत त्याच्या जागी ताज्या पायांचा मुलगा उतरवा. त्याला एकच काम सांगा: समोरचा नंबर सोडायचा नाही, रिबाऊंडला त्याला पाठीमागे दाबून ठेवायचे, बास्केटचा विचार नको. गुण करणारा मुलगा दमला असला तरी त्याचा हात शिल्लक असतो, पण बचाव पायांवरच चालतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. दमलेला चांगला खेळाडू हा थंड बसलेल्या कच्च्या खेळाडूपेक्षा बरा, असे आपण म्हणतो. अनेकदा ते खरेच असते. पण तो मुलगा कच्चा का राहिला, हे स्वतःला विचारायला हवे. सामन्यात तो पहिल्यांदा उतरणार, तोही बरोबरीत, आणि भोवती पालक ओरडत असणार. मोठा माणूससुद्धा अशा वेळी गांगरेल.

पण तयार असलेला राखीव खेळाडू काय करू शकतो, याचा बोस्टनचा एक प्रसंग सांगतो. 4 जून 1976 रोजी बोस्टन गार्डनमध्ये बोस्टन सेल्टिक्स आणि फिनिक्स सन्स यांच्यात एनबीए अंतिम मालिकेचा पाचवा सामना झाला. तो एकदा नव्हे, तीनदा जादा वेळेत गेला. एनबीएच्या मोठ्या क्वार्टरांमुळे त्रेसष्ट मिनिटांचा खेळ. फाऊल भरल्यामुळे सेल्टिक्सचे मुख्य खेळाडू एकेक करून बाहेर जात होते. प्रशिक्षक टॉम हाइनसन यांनी तिसऱ्या जादा वेळेत ग्लेन मॅकडोनाल्ड या क्वचितच खेळणाऱ्या राखीव खेळाडूला उतरवले. बाकीचे सगळे पाय ओढत असताना तो पळत होता. त्याने झटपट केलेल्या बास्केट्सनी सामना फिरला, सेल्टिक्स 128-126 जिंकले आणि दोनच दिवसांनी फिनिक्समध्ये विजेतेही झाले. त्या संघातल्या दिग्गजांची नावे सगळ्यांना पाठ असतात. त्या रात्रीची गोष्ट निघाली की मात्र मॅकडोनाल्डचे नाव घ्यावेच लागते.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या मातीतल्या खेळांनी हा प्रश्न नियमातच सोडवला आहे. कबड्डीत बाद पद्धतीचा सामना बरोबरीत सुटला की पाच-पाच चढाया होतात, आणि त्या पाच वेगवेगळ्या खेळाडूंनी करायच्या असतात. नावे आणि क्रम पंचांकडे आधी द्यावा लागतो. एकाच हुकमी चढाईपटूवर संघ ओढत नेलेल्या मार्गदर्शकाचा हात चौथे नाव लिहिताना थांबतो. खो-खोत तर पळतीचे खेळाडू तिघातिघांच्या तुकड्यांनीच उतरतात. बरोबरी झाली की अलाहिदा डाव, तरीही नाही सुटली तर लघुत्तम आक्रमण. पहिली तुकडी कोणती आणि राखून कोणती ठेवायची, हा विचार प्रत्येक सामन्यात करावाच लागतो. बदलापूरच्या शिवभक्त विद्यामंदिराच्या मुलींनी खो-खोत ठाणे जिल्ह्याचे नाव राज्यभर नेले, ते तुम्ही जवळून पाहिले आहे. खो-खोच्या मार्गदर्शकाला तिसऱ्या तुकडीतली मुलगीही तयार करावी लागते, कारण पहिल्या दोन तुकड्या लवकर बाद झाल्या तर घड्याळ तिलाच खेळून काढायचे असते. इथे बसलेल्या बास्केटबॉलच्या शिक्षकांनी एखाद्या संध्याकाळी खो-खोच्या सरावाला जाऊन बसावे, असे मला कळकळीने वाटते.

अशा तयारीसाठी मैदान लागते, आणि मुंबईत बास्केटबॉल म्हटले की नागपाडा. तिथल्या दाट वस्तीतल्या मैदानांवरून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा अर्जुन पुरस्कार मिळवणारा, भारताचे नेतृत्व करणारा खेळाडू घडला. मैदान थोडे आणि मुले भरपूर, हे तिथेही होते. आपल्याकडेही आहे. उल्हासनगर हे फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत वसलेले शहर. पाचही कॅम्पांत शाळेला पूर्ण 28 बाय 15 मीटरचे मैदान मिळणे अवघड. मग मुले एकाच बास्केटवर, अर्ध्या मैदानात सराव करतात. नेम सुधारतो, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत परत पळत येण्याची सवय लागत नाही, आणि नेमकी तीच सवय जादा वेळेत कामी येते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या ज्या शाळांकडे पूर्ण मैदान आहे, त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ शेजारच्या शहरातल्या मुलांना द्यावी. लोकलने दोन-तीन स्थानकांचे तर अंतर आहे.

पण राखीव मुले कच्ची राहण्याचे मूळ कारण आपल्या स्पर्धांच्या रचनेत आहे. शालेय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या. एक सामना हरलो की वर्ष संपले. अशा वेळी कोणता शिक्षक सातव्या-आठव्या मुलाला दुसऱ्या क्वार्टरमध्ये उतरवेल? मुख्याध्यापक विचारतात, पालक विचारतात, दहावीच्या सवलतीच्या गुणांची चिंता असते. मी त्या शिक्षकाला दोष देत नाही. त्याच्यासाठी वेगळी जागा तयार करणे हे आपले, म्हणजे या संमेलनाचे, काम आहे.

म्हणून अध्यक्ष या नात्याने माझी विनंती आहे. जिल्हा स्पर्धांच्या आधी तिन्ही शहरांतल्या शाळांनी मिळून साखळी पद्धतीचे सामने खेळावेत. चषक नको, बक्षीस समारंभ नको. नियम एकच असावा: प्रत्येक संघाने किमान आठ खेळाडूंना प्रत्येकी एक सलग क्वार्टर खेळवायचा. सामना बरोबरीत सुटला तर जादा वेळ खेळायचीच, आणि तिच्या पहिल्या मिनिटात किमान दोन राखीव खेळाडू मैदानात असले पाहिजेत. प्रत्येक शाळेने एक वही ठेवावी. कोण किती मिनिटे खेळला, कोणाचे फाऊल कोणत्या मिनिटाला झाले, एवढेच त्यात लिहावे. हंगामाच्या शेवटी ती वही उघडली की आपल्या संघात खरोखर किती खेळाडू आहेत, ते दिसेल. आणि ज्याला बाहेर काढाल त्याला शेजारी बसवा, का काढले ते एका वाक्यात सांगा, पाणी द्या आणि परत जायला तयार राहा असे बजावा.

शाळांच्या नोंदणीसाठी सभागृहाबाहेर टेबल मांडले आहे. परतीची गाडी पकडण्यापूर्वी आपल्या शाळेचे नाव, मैदानाची माहिती आणि आठ खेळाडूंची यादी तिथे द्यावी.