रक्तातील सूक्ष्माचे मोजमाप

इलिनॉय विद्यापीठातून १९४५ साली अणुकेंद्रीय भौतिकीत डॉक्टरेट मिळविलेल्या रोझलिन यॅलो यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळात, झाडलोटीचे सामान ठेवण्याच्या एका कोठडीत आपली प्रयोगशाळा थाटली. पुढे डॉक्टर सॉलोमन बर्सन यांच्या सहकार्याने, किरणोत्सारी आयोडिनाची खूण लावलेले इन्सुलिन व रुग्णाच्या रक्तातील इन्सुलिन यांना एकाच प्रतिपिंडासाठी झुंजवावे, आणि खुणेचे जितके कमी चिकटेल तितके रक्तातील अधिक असा हिशेब मांडावा, ही जी पद्धती त्यांनी सिद्ध केली, तिच्यामुळे अत्यल्प संप्रेरकेही मोजता येऊ लागली. एवढ्या मोलाच्या शोधाचे पेटंट उभयतांनी घेतले नाही, हे मला त्यांचे खरे औदार्य वाटते. १९७२ साली बर्सन निवर्तले; यॅलो यांनी प्रयोगशाळेला त्यांचेच नाव देवविले, आणि १९७७ साली यॅलो यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.