पेटिट: एक फ्रेंच आडनाव

उत्तन-भाईंदरला डिसोझा, परेरा ही पोर्तुगीज आडनावं घरचीच. पण भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडली, तर मुंबईत फ्रेंच आडनावही भेटतं: पेटिट. ठेंगण्या पारशी पूर्वजाला फ्रेंच व्यापारी ‘पेती’, म्हणजे छोटा, म्हणत, असं सांगतात. तेच आडनाव झालं.

या घराण्यातले पहिले बॅरोनेट सर दिनशॉ यांनी गिरणीधंद्यात मोठी संपत्ती कमावली. जिनांच्या पत्नी रतनबाई त्यांची पणती. परळला जखमी बैल, घोडे, कुत्र्यांवर उपचार करणारं जनावरांचं हॉस्पिटल दिनशॉंच्या पत्नी सकरबाईंच्या नावाचं.

फोर्टातलं जे. एन. पेटिट वाचनालय मात्र आवर्जून पाहावं. दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ आई दिनबाईंनी दिलेली ही वास्तू 1898 सालची. उंच छताखाली, रंगीत काचांच्या खिडक्यांपाशी वाचक आजही पुस्तकं चाळत बसतात.