किनाऱ्यावरील घर आणि कष्टकऱ्याची मिळकत

(किनारपट्टीवरील ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक व महसूल कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबई उपनगरात समुद्राकाठी वा खाडीकाठी राबणाऱ्या माणसास त्याच किनाऱ्यावर घर परवडते काय, हा प्रश्न मी आज आपणांपुढे मांडणार आहे. आपल्यापैकी बरेच जण रायगड, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील गावांतून आलेले आहेत. उपनगरातील घरांशी आपला संबंध काय, असे कोणास वाटल्यास ते स्वाभाविक आहे. परंतु वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई ही एकेकाळी आपल्या गावांसारखीच गावे होती. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली आणि ही गावे एकामागून एक महानगरात सामावली गेली. त्यांच्या वाट्यास जे आले, त्याची चाहूल अलिबाग व वसईच्या किनाऱ्यावर आजच लागलेली आहे.

वर्सोव्याचेच उदाहरण घेऊ. अंधेरीच्या पश्चिमेकडील खाजणाची व दलदलीची जमीन भरून १९८० च्या दशकात तेथे मोठमोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो सुरू झाली. पूर्व व पश्चिम उपनगरे प्रथमच अशा रीतीने जोडली गेली, ही गोष्ट कष्टकऱ्याच्याही हिताची झाली यात संशय नाही. मात्र सोय आली की जमिनीचा भाव चढतो, आणि भाड्याने राहणाऱ्यास ती सोय तिकिटाबरोबर घरभाड्यातूनही फेडावी लागते. समुद्राच्या वाऱ्यालाही आता दर चौरस फुटाचा भाव आहे! ज्या खिडकीतून समुद्र दिसतो तिची किंमत वेगळी, आणि ज्या खिडकीतून मासळी वाळताना दिसते तिची वेगळी.

या किनाऱ्यावर राबणारा कोण? होडीवरचा तांडेल व खलाशी, बर्फ वाहणारा हमाल, मासळी निवडणारी व विकणारी स्त्री. त्याचप्रमाणे नव्या इमारतींतील पहारेकरी, घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षाचालक, सुतार, गवंडी. यांच्यापैकी खुल्या बाजारात तेथे घर विकत घेऊ शकेल असा माणूस शोधूनही सापडणार नाही. तेव्हा बाजार बाजूस ठेवून शासकीय योजनेतील घराचाच हिशेब मांडून पाहू.

म्हाडाच्या मुंबई मंडळाने २०२३ मध्ये ४,०८२ घरांची सोडत काढली आणि २०२४ मध्ये २,०३० घरांची. दोन्ही वेळा अर्ज एक लाखाहून अधिक आले. २०२३ च्या सोडतीत अत्यल्प उत्पन्न गटासाठी पहाडी गोरेगाव येथे जी घरे होती, त्यांची किंमत सुमारे ३० लाख ४४ हजार रुपये होती. मुंबईच्या मानाने ती माफकच म्हणावी लागेल. दहावा हिस्सा पदरचा घालून उरलेले सुमारे २७ लाख रुपये साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ घेतले, तर महिन्याचा हप्ता साडेतेवीस हजार रुपयांच्या आसपास पडतो. या गटाची कमाल मर्यादा मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक ६ लाख रुपये, म्हणजे महिना ५० हजार. जो या मर्यादेच्या टोकाशी उभा आहे, त्याची जवळजवळ अर्धी मिळकत हप्त्यात जाते. ज्या घरात महिना २५ हजार येतात, तेथे हप्ता भरल्यावर दीड हजार उरतात. एवढ्यात चार माणसांचा महिना कसा निघावा?

बरे, हे कर्ज तरी मिळते कोणास? बँक पगाराचा दाखला मागते. खलाशाची कमाई मासळीवर, आणि पावसाळ्यात मासेमारी बंद. घरकाम करणाऱ्या बाईस चार घरचे पगार मिळतात, दाखला एकाही घरचा नसतो. सोडतीत नाव निघूनही घर हातचे जाते, ते पुष्कळदा येथे.

असे असता हे सर्व लोक आज राहतात कोठे? पुष्कळसे झोपडपट्टीत, पुष्कळसे रेल्वेने दूरवर विरार-नालासोपाऱ्याकडे. आणि जे किनाऱ्यालगत टिकले आहेत, त्यांपैकी अनेक कोळीवाड्यात. कोळी कुटुंब स्वतःच्या वडिलोपार्जित घरात राहते आणि एखादी खोली भाड्याने देते. त्या खोलीत खलाशी राहतात, मजूर राहतात. म्हणजे वर्सोव्यासारख्या ठिकाणी श्रमिकास झेपेल असे भाड्याचे घर कोणत्याही गृहनिर्माण योजनेने दिलेले नसून कोळीवाड्याने दिलेले आहे. ही बाब आपल्या अहवालांत फारशी नमूद होत नाही.

कोळीवाडा टिकला तो जमीन त्याच्या वहिवाटीत होती म्हणून. परंतु वहिवाट वेगळी आणि कागद वेगळा. १९ फेब्रुवारी १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने किनारा नियमन क्षेत्र अस्तित्वात आले. किनारा वाचविण्यासाठी ते आवश्यकच होते. पण वाढत्या कुटुंबास आपल्याच घराची दुरुस्ती वा वाढ करणे त्यामुळे अवघड झाले. २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचा स्वतंत्र उल्लेख आला. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा शासनाच्या संबंधित अभिलेखांत जे कोळीवाडे म्हणून दाखविलेले असतील, त्यांना सवलतीचा मार्ग त्यात मोकळा करण्यात आला. म्हणजे सारी भिस्त नकाशावर! नकाशात केवळ घरे दाखविली आणि जाळी विणण्याची, होड्या ओढून ठेवण्याची, बोंबील वाळविण्याची मोकळी जागा दाखविली नाही, तर ती जागा कागदोपत्री पडीक ठरते. कोळ्याचे घर चार भिंतींत संपत नाही, हे मोजणीदाराच्या ध्यानी आले नाही तर पुढे न्यायालयातही ते पटवून देणे कठीण जाते.

दुसरे उदाहरण शासनानेच घालून दिलेले आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात कांदिवलीजवळचे चारकोप, बोरिवलीतील गोराई खाडीलगतचा भाग, मालवणी इत्यादी ठिकाणी तयार इमारती न बांधता लहान लहान भूखंड आखून देण्यात आले. रस्ता, पाणी, मलनिःसारण शासनाचे. घर ज्याचे त्याने, ऐपतीप्रमाणे, एकेक खोली वाढवीत बांधावयाचे. मोठे भूखंड व दुकानांच्या जागा चढ्या दराने देऊन लहान भूखंडांचा भार हलका करण्यात आला. प्रारंभी या वसाहती ओसाड म्हणून हिणविल्या गेल्या. आज तेथे शाळा, बाजार, बससेवा सर्व काही आहे. मूळ लाभार्थ्यांपैकी कित्येकांनी घरे विकली हे खरे. पण जे राहिले, त्यांच्या पुढच्या पिढीस खाडीच्या वाऱ्याचे घर लाभले, जे आजच्या भावाने त्यांना कदापि घेता आले नसते. अशा प्रकारची योजना त्या प्रमाणावर मुंबईत पुन्हा हाती घेतली गेली नाही. का नाही, याचा शोध एखाद्या अभ्यासू अधिकाऱ्याने अवश्य घ्यावा.

पूर्वेकडे, मुलुंड-भांडुपच्या बाजूस, किनारा म्हणजे खारफुटी आणि मिठागरे. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले. २०२४ मध्ये मिठागरांची सुमारे २५६ एकर केंद्रीय जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी राज्याकडे देण्यास मान्यता मिळाली, आणि मुलुंडमध्ये त्यास विरोधही झाला. घर हवे आणि भरतीचे पाणी मुरण्यास जागाही हवी. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे सांगणे नको.

परदेशातही हा प्रश्न आहे. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात सेंट आइव्हज हे जुने मासेमारीचे गाव आहे. सुटीपुरते येणाऱ्या धनिकांनी घरे घेतल्याने स्थानिकांस घर मिळेना, तेव्हा मे २०१६ मध्ये तेथील मतदारांनी ८० टक्क्यांहून अधिक मतांनी असे ठरविले की, नवी घरे कायम राहणाऱ्यांसच मिळावीत. त्यावर आक्षेप असा आला की, धनिकांची मागणी मग जुन्या घरांकडे वळली. नियम करताना जुन्या वस्तीचाही विचार करावा लागतो, एवढे त्यावरून आपणांस घेता येईल.

आता आपल्या गावांविषयी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ अन्वये गावठाणाच्या हद्दी निश्चित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी होऊन मालमत्ता पत्रके दिली जात आहेत. आपल्या गावी मोजणी झाली असल्यास नकाशा ग्रामसभेत भिंतीवर लावावा. वाचता न येणाऱ्यांसाठी शिक्षकांनी तो समजावून सांगावा, आणि त्या वेळी मासळी विकणाऱ्या स्त्रिया हजर राहतील अशी वेळ निवडावी. सकाळची वेळ त्यांच्या सोयीची नसते. वाळवणाची जागा, होड्यांची जागा, बंदराकडे जाणारी वाट यांची नोंद कोणत्या नावाने झाली आहे, हे ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या पूर्वीच्या तलाठ्यांकडे, पडताळून घ्यावे. चूक आढळल्यास हरकत लेखी द्यावी, मुदतीच्या आत द्यावी आणि तिची पोच घ्यावी.